मत देऊन बसलेला मनुष्य

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड पन्नास राज्ये मिळून करतात, ही समजूत त्या देशात जाऊन राहिलेल्या मनुष्याच्या मनात फार काळ टिकत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास असल्या अवाढव्य मुलुखांचा कौल कोणाकडे जाणार हे आधीच मुक्रर झालेले असल्यामुळे तेथे उमेदवार जातात ते धनिकांच्या पंगतीला बसून देणग्या गोळा करण्यापुरते. मतांची याचना करण्यासाठी त्यांना कुंपणावर बसलेल्या मोजक्याच राज्यांची पायरी चढावी लागते, आणि २०१२ सालच्या शरद ऋतूत बराक ओबामा आणि मिट रॉम्नी या दोघांनीही जिच्यावर जवळजवळ धरणेच धरले होते, ती पायरी आमच्या ओहायोची होती. एकूण प्रतिनिधिमते ५३८, विजयाला हवीत २७०, त्यांपैकी ओहायोच्या पदरी तेव्हा अवघी १८. परंतु ओहायो गमावून रिपब्लिकन पक्षाचा एकही उमेदवार आजवर अध्यक्ष झालेला नाही, आणि १९६४ पासून तर ओहायोने ज्याच्या गळ्यात माळ घातली त्याचाच राज्याभिषेक होत आला होता. असल्या राज्याच्या राजधानीत, म्हणजे कोलंबसमध्ये, घर असणे आणि त्यावर नागरिकत्वाची शपथही घेऊन झालेली असणे, ही त्या काळी चार वर्षांतून एकदा स्वतःला फार मोठे मनुष्य समजण्याची सनदच होती.

त्यातून मी पक्षाभिमानी. मी डेमोक्रॅटिक पक्षाचा का, याची कारणमीमांसा मला विचारणाऱ्यास मी आरोग्यविम्यापासून परराष्ट्रधोरणापर्यंत व्यवस्थित तपशिलासह ऐकवू शकतो. परंतु खरे सांगायचे तर आधी निष्ठा जडली आणि कारणे तिच्या मागोमाग, नेमणुकीचा हुकूम हाती आल्यावर परीक्षा देणाऱ्या कारकुनाप्रमाणे, सावकाश हजर झाली. अशा मनुष्याला निवडणुकीच्या दिवसापर्यंत दम धरवत नाही. ओहायोत मुदतपूर्व मतदानाची सोय आहे, आणि त्या वर्षी तिचा प्रारंभ नेमका २ ऑक्टोबरला होत होता. गांधीजयंतीचा मुहूर्त साधून मी सकाळीच काउंटीच्या मतदान केंद्रावर जाऊन उभा राहिलो. अध्यक्षपदाच्या पाठोपाठ सिनेटर, राज्याच्या घटनेसंबंधीचे दोन ठराव आणि ज्यांची नावे मी जन्मात ऐकली नव्हती अशा न्यायाधीशांची एक लांबलचक यादी, अशी ती मतपत्रिका संपता संपेना. शेवटी न्यायाधीशांच्या बाबतीत आडनावांच्या सात्त्विकपणावर विसंबून मी निर्णय दिले, आणि कर्तव्यपूर्तीच्या एका अनिर्वचनीय आनंदात घरी परतलो.

दुसऱ्याच दिवशी रात्री डेन्व्हर येथे उभय उमेदवारांचा पहिला वादविवाद झाला.

त्या रात्रीचे वर्णन करणे पक्षनिष्ठ मनुष्यास क्लेशदायक आहे. ओबामांच्या विवाहाचा तो विसावा वाढदिवस होता, आणि आपली ही संध्याकाळ अशी वाया जावी याचे वैषम्य त्यांच्या चेहऱ्यावर, मान खाली घालून टिपणे चाळण्याच्या त्यांच्या पद्धतीत, आणि प्रतिपक्षाचे प्रत्येक विधान मुकाट्याने ऐकून घेण्याच्या सौजन्यात स्पष्ट उमटले होते. रॉम्नी उलट घोटून पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या उत्साहाने बोलत होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमातल्या त्या थोरल्या पिवळ्या पक्ष्यावर आपले प्रेम आहे, तथापि अनुदान बंद करावे लागेल, हेसुद्धा त्यांनी मोठ्या प्रसन्न मुद्रेने सांगितले. मी कोचावरून उठून दूरदर्शन संचासमोर उभा राहिलो आणि ओबामांना मराठीतून उत्तरे सुचवू लागलो.

"अहो, त्यांना ऐकू जात नाही," सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि जात असतं तरी त्यांना मराठी येत नाही."

परंतु माझे खरे दुःख निराळेच होते. पक्षाभिमानी मतदाराजवळ आपल्या नेत्याविरुद्ध वापरण्याजोगे एकच शस्त्र असते, आणि ते म्हणजे 'असेच चालले तर या खेपेला मी घरी बसेन' ही धमकी. ती अंमलात आणण्याचे धैर्य त्याला कधीही होत नाही. परंतु ती खिशात आहे एवढ्यावर त्याचा स्वाभिमान जिवंत राहतो. माझे ते शस्त्र आदल्याच दिवशी सीलबंद होऊन सरकारी दप्तरात दाखल झाले होते.

यापुढे जे घडले त्याची तर मला कल्पनाच नव्हती. ओहायोत कोणी मत दिले आणि कोणी अद्याप दिलेले नाही याच्या याद्या निवडणूक कचेरीकडून पक्षांना मिळत राहतात. कोणाला दिले हे अर्थातच गुप्त असते, पण दिले हे गुप्त नसते, आणि दिलेल्या मनुष्यावर श्रम खर्च करण्याइतका कोणताही पक्ष मूर्ख नसतो. सबंध सप्टेंबर महिनाभर जेवणाच्या ताटावर बसले की वाजणारा आमच्या घरचा दूरध्वनी हळूहळू थंडावला. ध्वनिमुद्रित आवाजात मला नावाने हाक मारणाऱ्या मोठमोठ्या व्यक्ती मला विसरल्या. 'तुमचे मत मोलाचे आहे' असे बजावणारी चकचकीत पत्रके पेटीत पडेनाशी झाली. माझा पक्ष जिंकावा यासाठी मी जे केले, त्यामुळेच माझ्या पक्षाच्या लेखी मी निरुपयोगी ठरलो.

याच्या उलट आमच्या शेजारच्या म्हातारबुवांचे भाग्य. हे गृहस्थ सेवानिवृत्त, विधुर, स्वभावाने गप्पिष्ट, आणि मुख्य म्हणजे त्यांचे मत अद्याप ठरलेले नव्हते. भारतात त्या वर्षी भाद्रपद अधिक पडला होता आणि अधिकाचे वाण घेऊन जावई केव्हाच आपापल्या घरी गेले होते. पण ओहायोत जावयाचा खरा मान पाहायचा असेल तर तो ऑक्टोबरातल्या अनिश्चित मतदाराचा पाहावा. शनिवार उजाडला की त्यांच्या ओट्यावर निळ्या सदऱ्यांची एक जोडी येऊन बसे, ती उठली की तांबड्या टोप्यांची. म्हातारबुवा सर्वांना कॉफी देत, प्रत्येकाचे म्हणणे मान डोलवून ऐकत, आणि शेवटी म्हणत, "तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा या." त्यांच्या अंगणातील हिरवळीवर दोन्ही उमेदवारांच्या नावांच्या पाट्या शेजारी शेजारी रोवलेल्या होत्या. एकदा महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी हातातल्या यादीवर बोट फिरवीत आमच्या दाराशी आली, माझ्या नावावरची रेघ तिला दिसली, आणि तशीच वळून ती शेजारी गेली. मी दार उघडून उभा होतो.

"मी तुमच्याच पक्षाचा आहे," मी मोठ्याने म्हणालो.

"फार छान!" ती चालता चालता म्हणाली.

अशा सक्तीच्या निवृत्तीत मनुष्यापुढे मतचाचण्यांखेरीज दुसरे व्यसन उरत नाही. डेन्व्हरनंतर गॅलप या जुन्या आणि प्रतिष्ठित संस्थेने ऑक्टोबरच्या मध्यावर रॉम्नींना सात टक्क्यांची आघाडी देऊन टाकली. न्यूयॉर्क टाइम्समध्ये नेट सिल्व्हर नावाचा तरुण आकडेशास्त्री रोज ओबामांच्या विजयाची संभाव्यता प्रसिद्ध करीत असे, ती वादविवादाच्या आधी ऐंशीच्या वर होती, ती साठीच्या आसपास घसरली. मी गॅलपची पद्धत तपासली. मतदानास निश्चित जाणारा कोण हे ठरविण्याच्या तिच्या निकषांत मला गंभीर दोष आढळले. ज्या चाचण्यांत ओबामा पुढे होते त्यांची पद्धत मी तपासली नाही; तशी आवश्यकता भासली नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टर कट्टर रिपब्लिकन. कराचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो. एरवी अत्यंत प्रेमळ मनुष्य. ओबामांना पुढे दाखविणाऱ्या सर्व चाचण्या डेमोक्रॅट मतदारांची भरती जास्त केल्यामुळे बिघडल्या आहेत अशा ठाम मताचे ते होते, आणि प्रत्येक आकड्यातून काही टक्के वजा करून तो 'सरळ' करून देणारे एक कोष्टक त्यांनी कुठूनसे पैदा केले होते. मला त्यांच्या आत्मवंचनेची कीव येई. दसऱ्याच्या कार्यक्रमात आपट्याच्या पानांअभावी सोनेरी कागदाची पाने वाटली गेली, डॉक्टरांनी मला कडकडून आलिंगन दिले, हातावर पान ठेवले आणि कानाशी म्हणाले, "सोनं घ्या आणि गॅलप मान्य करा!" मीही त्यांना पान दिले आणि सिल्व्हरचे नाव घेतले. जवळ उभ्या असलेल्या एका नवख्या तरुणाला वाटले, सोने-चांदीचे भाव चालले आहेत.

उरलेल्या दोन वादविवादांत आणि उपाध्यक्षांच्या सामन्यात काय झाले हे लांबविण्याचे कारण नाही. जो बायडन प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर इतके हसले की तटस्थ प्रेक्षकांस ते असभ्य वाटले. मला ते आरोग्यदायी वाटले. लष्करापाशी पूर्वीपेक्षा घोडे आणि संगिनीही कमी आहेत, हे ओबामांचे उत्तर मी सौभाग्यवतींना इतक्या वेळा ऐकविले की कोथिंबीर कमी आणल्याबद्दल त्यांनी मला जाब विचारला तेव्हाही तेच माझ्या तोंडून निघून गेले. २५ ऑक्टोबरला ओबामांनी शिकागोत जाऊन स्वतःचे मत मुदतपूर्व देऊन टाकले. पदावरील अध्यक्षाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी जो जिव्हाळा वाटला तो कोणत्याही धोरणामुळे कधी वाटला नव्हता. आता तेही मत देऊन बसले होते. फरक इतकाच की त्यांच्यापाशी विमान होते.

मग सँडी आली. २९ ऑक्टोबरला, बरोबर कोजागरीच्या रात्री, पौर्णिमेच्या भरतीचे पाणी सोबत घेऊन ते चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. माझी मावसबहीण एडिसनला राहते. वीज गेलेली, रस्त्यावर झाडे आडवी पडलेली. आमच्याकडे ओहायोतही वारा घोंगावत होता आणि आटवलेल्या दुधात दाखवायला चंद्राचा पत्ता नव्हता. दोन दिवसांनी तिचा फोन लागला. मी प्रथम सर्वांची खुशाली विचारली, मग घराच्या छपराची, मग फ्रिजमधल्या जिनसांची, आणि नंतर माझ्याही नकळत विचारले, "आणि तुमच्या ख्रिस्टीसाहेबांनी ओबामांची स्तुती केली ती तिकडे लोकांना कशी वाटली?"

न्यू जर्सीचे ते रिपब्लिकन राज्यपाल त्याच दिवशी अध्यक्षांबरोबर उद्ध्वस्त किनाऱ्याची पाहणी करीत हिंडले होते, आणि ते दृश्य मी अनेकवार पाहिले होते. पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

"दादा," ती म्हणाली, "मेणबत्तीच्या उजेडात गॅसवर मसाला दूध उकळून प्यायलो आम्ही. टीव्ही बंद आहे. लोकांना काय वाटलं ते वीज आली की कळवते."

वादळापायी गॅलपने आपली रोजची मोजदाद तहकूब केल्याची वार्ता मी तिला सांगणार होतो. ती गिळून टाकली.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी कोलंबसला जो बहुमान लाभला तो क्वचितच कोणत्या शहराच्या वाट्याला येत असेल. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि जे-झी या गायकांना बरोबर घेऊन ओबामांची सभा शहरात झाली, आणि त्याच संध्याकाळी रॉम्नीही विमानतळावर उतरून सभा घेऊन गेले. म्हातारबुवा दोन्हीकडे जाऊन आले. मी कुठेच गेलो नाही. सभेला येणाऱ्याने तेथून मतदानाला जावे हाच असल्या सभांचा हेतू असतो, आणि तेथे माझी जागा एखाद्या मत न दिलेल्या मनुष्याला मिळणे पक्षाच्या हिताचे होते. एवढा त्याग मी केला, आणि त्याची नोंद कोणत्याही यादीत नाही.

६ नोव्हेंबरच्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास वाहिन्यांनी ओहायो ओबामांच्या नावावर चढविला आणि त्यासरशी निवडणूक संपली. मी ताबडतोब फॉक्स वाहिनी लावली. आपला जय मित्राच्या तोंडून ऐकण्यात समाधान असते, परंतु त्याची खातरजमा शत्रूच्या घरीच होते. तेथे बुशसाहेबांचे जुने मुत्सद्दी कार्ल रोव्ह आपल्याच वाहिनीचा निर्णय मान्य करायला तयार नव्हते, इतके की निवेदिका उठून, लांबलचक बोळातून चालत, निर्णय देणाऱ्या आकडेतज्ज्ञांच्या खोलीपर्यंत रुजुवात करायला गेली. तज्ज्ञ ठाम होते. मला मात्र रोव्हसाहेबांविषयी त्या घटकेला अपार बंधुभाव वाटला. कोष्टक हातात घेऊन अमुक काउंटीची मते यायची आहेत म्हणून सांगणारा तो मनुष्य दुसऱ्या पक्षात जन्मलेला मीच होतो. डॉक्टरांना फोन करावा असे वाटले, पण त्यांनी उचलला नसता. रॉम्नींनी म्हणे विजयाचे भाषण तेवढे लिहून ठेवले होते, पराभवाचे नव्हते. मध्यरात्र उलटून गेल्यावर, एकाच्या सुमारास, त्यांनी हार मान्य केली ती मात्र अत्यंत खानदानी रीतीने.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा दोन्ही पाट्या उपटताना दिसले. त्यांच्याही ओट्यावर आता कोणी फिरकत नव्हते, तेव्हा त्यांनी मला कॉफीला बोलाविले. अखेर मत कोणाला दिले, असे मी विचारले. "दोघांच्याही पोरांना शब्द दिला होता," ते म्हणाले, "त्यामुळे एक मोडावा लागला." कोणाचा मोडला ते त्यांनी सांगितले नाही.

वास्तविक येथे माझ्या यातनांचा अंत व्हायला हवा होता. ओबामांकडे ३०३ प्रतिनिधिमते जमा झाली होती, हवी होती २७०. परंतु फ्लोरिडाची मोजणी पुरी झालेली नव्हती आणि तिच्या २९ मतांचा कौल बाकी होता. तिच्यावाचून काहीही अडलेले नसताना मी मायामीकडच्या शिल्लक मतपत्रिकांचा रोजचा जमाखर्च मांडीत बसलो. शनिवारी, १० तारखेला, वाहिन्यांनी तेही राज्य ओबामांना देऊन आकडा ३३२ केला. मी ही बातमी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केली. दिवाळी तोंडावर आली होती, भाजणी मळून तयार होती.

"म्हणजे आता ते दोनदा अध्यक्ष होणार का?" सौभाग्यवतींनी विचारले आणि माझ्या हाती सोऱ्या दिला.

मी चकल्या पाडता पाडता त्यांना फ्लोरिडाचे महत्त्व समजावून सांगू लागलो. तिसऱ्या घाण्याला डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात पराभवाची छटाही नव्हती.

"काय राव," ते म्हणाले, "२०१६ चा काही विचार केलाय की नाही?"