ससेबुवांना अनावृत पत्र

श्री. रा. रा. बग्ज बनी,
मु. बीळ, पो. बरबँक, कॅलिफोर्निया यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, सुटीत आमचा नऊ वर्षांचा भाचा राहायला आला आणि त्यानं तुमचे दोन्ही बास्केटबॉलपट आम्हाला एकाच दिवशी दाखवले. सकाळी १९९६चा ‘स्पेस जॅम’, जेवणानंतर २०२१चा ‘स्पेस जॅम : अ न्यू लेगसी’. मध्ये आमरस-पुरी झाली होती, तेव्हा दुसऱ्या चित्रपटात आम्हाला जी डुलकी लागली तिचं सगळं खापर तुमच्या माथी फोडणं बरं नव्हे.

आधी तुमचं अभिनंदन करतो. टेक्स एव्हरींच्या ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये तुम्ही गाजर खात बिळातून वर आलात ती तारीख होती २७ जुलै १९४०. दुसरा जॅम अमेरिकेत लागला १६ जुलै २०२१ला, म्हणजे तुमच्या एक्याऐंशीव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले होते. आमच्याकडे या वयात माणसाचं सहस्रचंद्रदर्शन करतात. पाटावर बसवतात, ओवाळतात, शाल देतात आणि दुपारी आडवं होऊ देतात. तुमच्या घरच्यांनी तुमच्या अंगात जर्सी घातली आणि तुम्हाला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांच्या मागे पळायला सोडलं. ज्येष्ठांना कार्यरत ठेवण्याची केवढी ही कळकळ!

पण खेळ तुम्हाला नवा होता, असं कोण म्हणेल? १९४६चा ‘बेसबॉल बग्ज’ आठवतो ना? फ्रीझ फ्रेलेंग यांनी केलेली सातेक मिनिटांची फीत. एका बाजूला गॅस-हाउस गोरिलाज नावाचे दाढीचे खुंट वाढलेले गुंड, दुसऱ्या बाजूला काठी टेकत खेळणारे म्हातारे. तुम्ही मैदानातल्या बिळात बसून शेरेबाजी करत होतात आणि बोलता बोलता म्हणून गेलात की यांना मी एकटा पुरून उरेन. झालं, गुंडांनी तुम्हाला घेरलं आणि मैदानात उतरवलं. मग चेंडू टाकणारे तुम्ही, तो झेलणारे तुम्ही, सीमेवर धावणारेही तुम्हीच! नऊच्या नऊ जागा तुम्ही एकट्यानं सांभाळल्यात. एक चेंडू तर इतका सावकाश टाकलात की त्या एकाच चेंडूवर तीन फलंदाज ओळीनं बॅट फिरवून बाद झाले. शेवटचा फटका मैदानाबाहेर गेला तेव्हा टॅक्सी, मग बस पकडून शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या टोकाला पोचलात, वर हातमोजा भिरकावला आणि झेल घेतलात. गोरिलाबुवा हुज्जत घालायला लागले तर थेट स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बोलला की बाद म्हणजे बाद. ९६-९५. पाहुणा कलाकार नाही, प्रायोजक नाही, बापलेकांचा गहिवर तर नाहीच नाही.

त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी तुम्हाला मदतीला माणूस लागला. परग्रहावरची बुटकी मंडळी तुम्हाला पकडून न्यायला आली, त्यांची उंची पाहून तुम्ही बास्केटबॉलचं आव्हान दिलंत आणि त्यांनी चार्ल्स बार्कली, पॅट्रिक युइंग वगैरे पाच खेळाडूंचं कसब चोरल्यावर तुमची तंतरली. म्हणून गोल्फच्या भोकातून मायकेल जॉर्डन यांना खाली ओढलंत. निकाल ७८-७७. विजय एकाच गुणाचा, तेव्हाही आणि आताही. पण या वेळी तो गुण मिळवला जॉर्डन यांच्या लांबलेल्या हातानं. तुमच्या नव्हे. तुम्हाला घडवणाऱ्यांपैकी चक जोन्स तेव्हा हयात होते. त्यांना तो चित्रपट आवडला नाही, यात नवल नाही.

तरी त्या पहिल्या जॅमवर आम्ही फार रागावू शकत नाही. त्याचं कुळ लपवलेलं नाही. १९९२च्या एका बुटांच्या जाहिरातीत तुमची आणि जॉर्डन यांची पहिली गाठ पडली. ती जाहिरात करणाऱ्या जो पिट्का यांनीच पुढे चित्रपट केला. जाहिरातीचं पोर वाढून चित्रपट झालं, इतकंच. त्यात एक गुबगुबीत गृहस्थ जॉर्डन यांना घाई करताना एका दमात बनियन, बूट, न्याहारी, सरबत आणि बर्गर अशा पाच मालांची नावं घेतात, आणि ज्यांची नावं घेतात त्या सगळ्यांच्या जाहिराती जॉर्डन खरोखरच करत होते! दुकानदार आपल्या दुकानाच्या पाटीवर स्वतःच हसतो, तसं हे.

शिवाय त्या गोष्टीला खऱ्या आयुष्याचा धागा होता. १९९३मध्ये जॉर्डन यांच्या वडिलांचा खून झाला, त्यांनी बास्केटबॉल सोडला, दुय्यम दर्जाच्या एका संघात ते बेसबॉल खेळले आणि मार्च १९९५मध्ये परतले. हा मनुष्य गेला का आणि आला का, याचं उत्तर क्रीडासमीक्षक शोधत असताना तुम्ही लोकांनी सांगितलंत की कार्टूनांनी गळ घातली म्हणून आला. असल्या खुलाशाला विनोद म्हणतात. चित्रीकरण चालू असताना तुमच्या मालक कंपनीनं त्यांच्या सरावासाठी आवारातच बास्केटबॉलचं मैदान उभारलं, संध्याकाळी मोठमोठे खेळाडू तिथे येऊन खेळायचे, आणि पुढच्या मोसमात शिकागो बुल्सनं ८२पैकी ७२ सामने जिंकले. सशाच्या चित्रपटानं कुणाचं भलं केल्याची एवढी एकच नोंद आमच्यापाशी आहे.

मग दुसरा मुरंबा घालायचे बेत सुरू झाले. जॉर्डन काही बधले नाहीत. स्केटबोर्डपटू टोनी हॉक यांना घेऊन चाकाच्या फळीवरचा जॅम करायची बोलणी झाली, पण २००३चा तुमचा ‘बॅक इन ॲक्शन’ आपटला आणि तो विषय बारगळला. मुरंबा म्हटला की मुरायला वेळ हवा, हे आम्हाला मान्य आहे. पण पंचवीस वर्षांनी बरणी उघडली तेव्हा तो मुरला नव्हता, आंबला होता.

कथा काय, तर मुलाला बास्केटबॉलपेक्षा संगणकावरचे खेळ बनवण्यात रस आणि बापाला, म्हणजे लेब्रॉन यांना, ते पसंत नाही. अहो, ही कथा आमच्या सोसायटीत दर जूनमध्ये जिन्यातून वर ऐकू येते, तीही फुकट. त्यात खलनायक म्हणून स्टुडिओचा अल्गोरिदम. हे महाशय लेब्रॉन यांना सुचवतात की आमच्या कंपनीच्या सगळ्या जुन्या चित्रपटांत तुम्हाला घुसवू. लेब्रॉन म्हणतात, ही कल्पना भिकार आहे. आम्ही सोफ्यावरून मान डोलावली. आणि पुढचा दीड तास चित्रपट तीच भिकार कल्पना मनोभावे राबवतो! योसेमिटी सॅम ‘कॅसाब्लांका’त, आजीबाई ‘मॅट्रिक्स’मध्ये, लोला वंडर वूमनच्या बेटावर. खलनायकाला शिव्या द्यायच्या आणि त्यानंच लिहिलेल्या हिशेबावर सही करायची, हा निर्लज्जपणा आम्ही इतक्या उघड क्वचितच पाहिला आहे.

सामन्याच्या प्रेक्षकांत तर कंपनीची सगळी माळ्यावरची अडगळ आणून बसवली होती. किंगकाँग ठीक, फ्लिन्टस्टोन मंडळी ठीक. पण पोरांच्या चित्रपटात ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधले गुंड? केन रसेल यांच्या ‘द डेव्हिल्स’मधली जोगीण? दोन्ही चित्रपट १९७१चे, आणि दोन्ही पाहायला भाच्याला अजून दहा वर्षं थांबावं लागेल. ‘मामा, ते पांढऱ्या कपड्यांतले टोपीवाले कोण?’ त्यानं विचारलं. आम्ही त्याला पाणी आणायला पाठवलं.

एक विनोद मात्र मनापासून आवडला. मायकेल जॉर्डन आले, मायकेल जॉर्डन आले, असा गलका होतो आणि दारात उभे असतात नट मायकेल बी. जॉर्डन. तेवढ्यापुरते तुम्ही सगळे जुने वाटलात. बाकी सामन्यात तुमच्या अंगावर संगणकानं एकेक केस रंगवून लव चढवलेली. हातानं काढलेल्या रेषेत तुम्ही चपळ होतात. लव आल्यावर जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसायला लागलात.

आणि शेवट! जो सामना तुमच्या बळावर कधी चाललाच नव्हता, तो संपवायला तुम्हाला मरावं लागलं. एल्मर फडची बंदूक, डायनामाइट, कडे-कपारी, ऐंशी वर्षांत कशानं तुमचा केसही वाकडा झाला नाही. आणि इथे एका घरातले बापलेक गळ्यात पडावेत म्हणून तुम्ही डोळे मिटलेत, करुण संगीताच्या साथीनं. थोड्या वेळानं परत आलात ते सोडा. आमचा भाचा रडला नाही. त्यानं विचारलं, ‘हा आता खोड्या का काढत नाही?’

खर्च १५ कोटी डॉलर, जगभरचा गल्ला १६ कोटींच्या आसपास, त्यातला वाटा चित्रपटगृहांचा, आणि अमेरिकेत त्याच दिवशी घरच्या पडद्यावरही उपलब्ध. वर्षातल्या सगळ्यात वाईट कामगिरीसाठी दिले जाणारे तीन रॅझी पुरस्कार तेवढे पदरात पडले. लेब्रॉन यांना दोष देत नाही. ते बिचारे चारदा विजेतेपद मिळवलेले खेळाडू. आमच्या सुनील गावसकरांनीही १९८०मध्ये ‘सावली प्रेमाची’त नायकाचं काम केलं होतं; पण सामना जिंकून द्यायला त्यांनी एखाद्या वयस्कर सशाला मैदानात उतरवलं नाही.

मालकांचं तुमच्यावर प्रेम किती, तेही कळलं. १९३० ते १९६९च्या तुमच्या गोतावळ्याच्या मूळ फिती कंपनीनं २०२५मध्ये आपल्याच ओटीटीवरून काढून टाकल्या. कायोटीचा ‘कायोटी व्हर्सेस ॲक्मी’ पूर्ण बनवून २०२३मध्ये करसवलतीसाठी कपाटात टाकला आणि पुढे दुसऱ्याला विकला. त्या कायोटीला आमचा नमस्कार सांगा. डायनामाइट विकणाऱ्या ॲक्मी कंपनीकडून इतका दगाफटका त्यालाही कधी झाला नसेल.

आता खरी काळजी. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येतंय, आणि तुमचं बरबँक तिथून हाकेच्या अंतरावर. कुणीतरी अल्गोरिदम आत्ताच आकडे लावत बसला असेल : दीडशे कोटींचा देश, क्रिकेट, ससा. आमच्याकडचे खेळाडू तर सिमेंटपासून पानमसाल्याच्या नावाच्या वेलचीपर्यंतच्या जाहिरातींत तयारच असतात. तुमचा करार व्हायच्या आत त्यांचा झालेला असेल. तेव्हा हात जोडून विनंती आहे. बोलावणं आलं तर या, पण एकटे या. यष्टिरक्षक तुम्ही, गोलंदाज तुम्ही, सलामीला तुम्ही, पंचही तुम्हीच. अकराही जागा भरा आणि सात मिनिटांत उरका. आमच्याकडे आठला कुकर लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मामा

ता. क. – गाजरं पाठवत नाही. सुटीत बाजारात चांगली मिळत नाहीत.