जहाजावरचे द्राक्षाचार्य

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांनी बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स आणि पालेर्मो ही नावे अष्टविनायकांच्या गावांइतक्या सहजतेने आपल्या पत्रकांत छापावयास आरंभ केल्यापासून, आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचललेल्या रकमेवर एखाद्या निवृत्त अधीक्षक अभियंत्यासही सपत्नीक आठ दिवस भूमध्य समुद्रावर तरंगता येऊ लागल्यापासून, महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनात एक नवे आचार्यपद निर्माण झाले आहे. परंतु त्याची नोंद अद्याप कोणत्याही कोशकाराने घेतलेली दिसत नाही. हे पद धारण करणारे सद्गृहस्थ जहाजावर पाऊल ठेवताच आपली खोली कोठे आहे, जीवरक्षक नौका कोणत्या बाजूस टांगल्या आहेत, वैद्य कोणत्या मजल्यावर बसतो, यांपैकी कशाचीही चौकशी करीत नाहीत. ते प्रथम भोजनगृहातील वाइनची यादी मागवतात, ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून अथपासून इतिपर्यंत वाचतात, आणि दीर्घ निःश्वास टाकून म्हणतात, "काही नाही हो यांच्याकडे!" अशा सद्गृहस्थांस मी मनातल्या मनात द्राक्षाचार्य म्हणत आलो आहे.

हे आचार्यपद वंशपरंपरागत नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये समोर आलेल्या चहापायी रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या वादावर शहराच्या ओसऱ्या कित्येक महिने गाजल्या. त्याच ओसऱ्यांवर बसणाऱ्यांचा पणतू आज शिराझ दोन अंशांनी उष्ण आली म्हणून ती परत पाठवतो. ज्यांच्याबरोबर मी आठ दिवसांची अशी एक सफर केली, त्या आमच्या आचार्यांचा स्वतःचा पूर्वेतिहासही फारसा सुगंधी नाही. नोकरीत असेतोपर्यंत त्यांचे मद्यपान म्हणजे शनिवारी रात्री, खिडक्या लावून, स्टीलच्या पेल्यातून घेतलेली रम. आणि तिच्या बाटलीचा मुक्काम लोखंडी कपाटात, वहिनींच्या वर्षानुवर्षे न नेसलेल्या शालूंच्या आड. निवृत्तीच्या वर्षी चिरंजीवांनी त्यांना नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या अंगास असलेल्या एका द्राक्षमळ्यात नेले. तेथे माहिती देणाऱ्या मुलीने सोव्हिन्यों ब्लाँचा घोटभर नमुना हाती देऊन विचारले, "काका, ढोबळ्या मिरचीचा वास येतो का?" तो आला. एखाद्याच्या आयुष्यात साक्षात्कार कोणत्या भाजीच्या मिषाने व्हावा याला काही नियम नाही. त्या संध्याकाळी घरी आणलेल्या सहा बाटल्यांबरोबर एक बूच काढण्याचा स्क्रूही आला, आणि तो त्या दिवसापासून, पूर्वी जेथे मोजमापाची पट्टी असे त्या खिशात, अहोरात्र वास करू लागला.

भोजनाच्या पहिल्या रात्री आमच्या मेजाची व्यवस्था मडगावच्या एका प्रौढ, हसतमुख सेवकाकडे होती. बोटीवरची नोकरी हा गोव्यातील अनेक घरांचा पिढीजात व्यवसाय. या मनुष्याने आजवर किती द्राक्षाचार्य पाहिले असतील याची गणती त्याने सोडून दिली असावी. त्याने पेल्यात दोन बोटे तांबडी वाइन ओतली आणि तो अदबीने एक पाऊल मागे सरला. आचार्यांनी पेल्याची दांडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरली, पेला मेजावरच्या पांढऱ्या चादरीसमोर तिरका केला, कडेचा रंग विटकरी आहे की जांभळा याचा निवाडा केला, मग पेल्यात नाक अशा निष्ठेने घातले की चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. नंतर पेला गरगर फिरवण्याचा विधी. जमिनीवर हा विधी त्यांना उत्तम साधतो. परंतु मार्सेयच्या किनाऱ्यावरून वाऱ्याचे लोट येऊ लागले होते, जहाज आपल्या परीने वेगळ्या दिशेस फिरत होते, आणि या दोन परिभ्रमणांचा मेळ न बसल्यामुळे तिसऱ्या फेऱ्यास पेल्यातील अर्धा ऐवज शेजारच्या बँक मॅनेजरांच्या मोतिया रंगाच्या सदऱ्यावर गेला. सेवकाने क्षणार्धात मीठ आणि सोडा आणला, यावरून हा प्रकार त्याला नवा नव्हता हे उघड झाले.

पेल्याच्या आतल्या अंगावरून जे थेंब संथपणे ओघळतात, त्यांस आचार्य अश्रू म्हणतात आणि अश्रू जितके दाट तितकी वाइन कुलवान असा सिद्धान्त मांडतात. वस्तुतः मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर उडून जातो, त्यामुळे पृष्ठभागावरील ताण बदलतो आणि द्रव वर चढून थेंबाथेंबाने खाली येतो, एवढाच हा व्यापार. त्याची मीमांसा जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५५ सालीच करून ठेवली आहे. परंतु १८५५ म्हटले की आचार्यांना शास्त्रज्ञ आठवत नाही. त्यांना आठवते ती तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त झालेली बोर्दोच्या वाइनांची प्रतवारी. प्रतवारी हा शब्द ऐकताच आयुष्यभर सेवाज्येष्ठतेच्या याद्या वाचलेल्या मनुष्याच्या अंगात जे चैतन्य संचारते, ते पाहण्यासारखे असते. त्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत चार मळे होते; शातो मूतों रॉथशिल्ड या मळ्यास, ज्याचे नाव मराठी पंगतीत थोडे जपून उच्चारावे लागते, दुसऱ्या श्रेणीत बसवले गेले आणि पहिल्या श्रेणीत त्याची बढती झाली ती थेट १९७३ साली. "एकशे अठरा वर्षे!" आचार्य सद्गदित होऊन सांगत होते, "एकशे अठरा वर्षे त्या माणसांनी आपल्या फायलीचा पाठपुरावा केला!" या वाइनचा एक थेंबही त्यांनी चाखलेला नाही. बढतीची कथा मात्र त्यांनी आठ दिवसांत पाच मेजांवर सांगितली, आणि प्रत्येक मेजावर एखादा तरी निवृत्त सरकारी अधिकारी असल्यामुळे ती सर्वत्र रंगली.

ज्यांच्या सदऱ्यावर डाग पडला होता ते बँक मॅनेजर सूडबुद्धीचे नव्हते, पण वाचनाचे शौकीन होते. त्यांनी तिसऱ्या रात्री बोर्दोमधील एका प्रयोगाची हकीगत सांगितली: वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, तीच वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून पुन्हा ठेवली, आणि त्या विद्वानांनी दुसऱ्या पेल्याचे वर्णन निःशंकपणे तांबड्या वाइनच्या विशेषणांनी केले. हा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला आहे. मेजावर शांतता पसरली. आचार्यांनी ओठ टिपले आणि म्हणाले, "विद्यार्थी होते ते."

आता या रसिकतेची हिशेबाची बाजू. जहाजांवर पेयांची एकरकमी योजना असते. तीत ठरावीक किमतीपर्यंतचे पेले मोफत आणि त्यावरच्या किमतीस फरक भरावा लागतो. कित्येक जहाजांवर बिलाच्या शेवटी १८ टक्के सेवाशुल्क आपोआप चढते. काही कंपन्या प्रवासाच्या आरंभी माणशी एक बाटली बरोबर आणू देतात, मात्र ती भोजनगृहात उघडली तर बूच काढण्याचे वेगळे शुल्क घेतात; घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पंक्तीत आचार्यांनी या शुल्कास बूचपट्टी असे नाव देऊन टाकले आहे. बूचपट्टी चुकवण्यासाठी त्यांनी बार्सिलोनाच्या बाजारात घेतलेली रिओहा आपल्या खोलीत, दात घासण्याच्या पेल्यातून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांस सांगितले की चांगली वाइन एकांतातच उमलते. भोजनगृहात मात्र ते योजनेत बसणारी साधी वाइन घेत. डॉलरचे रुपये करण्याची सवय ज्याच्या मेंदूस एकदा जडली, त्याच्या जिभेस कोणतेही कुलशील उरत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

पाचव्या दिवशी, नेपल्सच्या बंदरात जहाज उभे असताना, आचार्यांनी कप्तानाच्या नावे एक अर्ज लिहिला. मी तो वाचला आहे आणि त्यातील अर्ध्या कलमांशी सहमतही आहे. ज्या जहाजाच्या खिडकीतून व्हेसुव्हियस दिसतो, त्याच्या मेजावर त्याच पर्वताच्या उतारावरची लाक्रिमा क्रिस्ती का नसावी? मार्सेयला बांदोलची गुलाबी वाइन, जिनोआला वर्मेंतिनो, पालेर्मोला नेरो दाव्होला, आणि पुढेमागे जहाज सांतोरिनीस गेले तर तेथील आसिर्तिको, जिच्या वेली वाऱ्यापासून फळ जपण्यासाठी जमिनीलगत टोपलीच्या आकारात वळवतात, एवढी मागणी कोणासही रास्त वाटावी. अडचण अशी की यादी ठरते ती कंपनीच्या मुख्य कचेरीत, आणि पुष्कळदा साऱ्या ताफ्यासाठी एकदमच. त्यामुळे भूमध्य समुद्रातील प्रवाशास जी शार्दोने मिळते तीच कॅरिबियन बेटांजवळच्या प्रवाशासही. खरेदी खात्याला व्हेसुव्हियस दिसत नाही.

परंतु अर्जाची दुसरी बाजू मला मुळीच पटली नाही. समुद्राने ज्या वाइनांना जन्म दिला, त्यांचा त्यात नामोल्लेखही नव्हता. मदैरा बेटावरची पिंपे गलबतांच्या पोटात उष्ण कटिबंधातून फिरून आली की त्यांतील वाइन अधिक रुचकर लागते, हे ध्यानात आल्यावर व्यापारी ती मुद्दाम सागरयात्रेस पाठवू लागले. लांबच्या वाटेवर ती नासू नये म्हणून तीत मद्यार्क घालीत. १७७३ साली जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने सिसिलीतील मार्सालाची वाइन अशाच रीतीने इंग्लंडला धाडली, आणि पुढे नेल्सनच्या आरमारानेही ती घेतली. आपल्या पुराणांतील वारुणीही समुद्रातूनच वर आली होती. मी हे सारे सांगितल्यावर आचार्य म्हणाले, "छे, गोड असतात त्या." आणि नाशिकची शेनिन ब्लाँ? ज्या महाराष्ट्रात शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावास फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन केली, ज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि ज्याच्या अकलूजसारख्या उसाच्या मुलखातही आज वाइनचे मळे उभे आहेत, त्या महाराष्ट्राची एकही बाटली अर्जात नव्हती. "ती काय, घरी मिळतेच," हे त्यांचे उत्तर. माझे मत विचाराल तर जहाजावरच्या भारतीय जेवणात, बटाटेवड्याच्या आणि तिखट रश्श्याच्या सोबतीस, त्या किंचित गोडसर, थंडगार शेनिनइतकी समजूतदार वाइन त्या यादीत एकही नव्हती, कारण यादीतल्या तांबड्या वाइनांचा तुरटपणा मिरचीशी गाठ पडताच भांडखोर होतो.

मेजावर रसना खरोखर कोणाची तीक्ष्ण होती, हे येथे नमूद केले पाहिजे. वहिनी रोज मोसंबीचा रस घेत. सहाव्या रात्री सेवकाने चुकून रीसलिंगचा पेला त्यांच्यापुढे ठेवला; त्यांनी एक घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "द्राक्षासवासारखी आहे, पण यात लिंबाची साल किसलीय. आणि मागाहून रॉकेलचा वास येतो का रे?" जुन्या रीसलिंगला घासलेटासारखा गंध येतो ही गोष्ट जाणकार मान्य करतात. आचार्यांना तो कधीच आला नव्हता. त्यांनी पेला वहिनींच्या हातून घेतला, पुष्कळ वेळ हुंगला आणि रीसलिंग अजून कोवळी असल्याचा निर्णय दिला.

सातव्या रात्री मला या मनुष्याचे मर्म कळले. आदल्या दिवशी जिचा अभाव पाहून त्यांनी जहाजाच्या संस्कृतीविषयीच शंका घेतली होती ती बारोलो, कोठून तरी, एका बाटलीपुरती उपलब्ध झाली. सेवकाने ती समोर धरली. आचार्यांचा चेहरा उतरला. त्यांनी साल पाहिले, ते बरोबर नव्हते. बूच पाहिले, ते कोरडे होते. किंमत पाहिली, आणि मग प्रकृती बरी नसल्याचे सांगितले. शेवटच्या रात्री मी मुद्दाम कान देऊन बसलो होतो. आचार्यांनी पुन्हा बारोलो मागितली. मडगावच्या त्या जाणत्या सेवकाने हात जोडून सांगितले, "ना सर, काल रातीच गेली शेवटची." आचार्य खुर्चीत मागे टेकले, त्यांच्या मुखावर आठ दिवसांत प्रथमच निर्भेळ समाधान पसरले, आणि त्यांनी आम्हा सर्वांकडे पाहून विजयी स्वरात म्हटले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" नंतर योजनेतली साधी मर्लो त्यांनी चार पेले घेतली.

तेव्हा जहाज कंपन्यांच्या खरेदी खात्यास माझी नम्र विनंती आहे की, त्यांनी यादीच्या अखेरच्या पानावर दुर्मीळ, उच्चारास कठीण आणि किमतीने भयंकर अशा एका वाइनचे नाव कायमचे छापून ठेवावे, तिची एकही बाटली जहाजावर चढवू नये, आणि कोणी ती मागितली असता काल रात्रीच संपल्याचे सर्व सेवकांनी एकमुखाने सांगावे. या तजविजीस खर्च शून्य आहे. उरलेल्या प्रवाशांसाठी नाशिकच्या शेनिन ब्लाँच्या चार पेट्या थंड करून ठेवाव्यात, आणि पहिला पेला न विचारता वहिनींपुढे ठेवावा.