किल्लेदार

आश्विन लागला की आमच्या आदिलाबादेत कापूस फुटतो आणि गल्लीतल्या किल्लेदारांना कंठ फुटतो. एरवी हा निवृत्त, अबोल गृहस्थ. पण दिवाळी पंधरा दिवसांवर आली की वहिनींची पिठाची चाळणी, दोन पोती आणि दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी घेऊन अंगणात उतरतो. ही जात पुण्याच्या वाड्यांतही आहे, नांदेडच्या कॉलन्यांतही आहे. पोरांना किल्ला करून द्यायला म्हणून बसायचं, आणि तासाभरात पोरांनाच हाकलायचं.

लोकांच्या किल्ल्यात मावळा बुरुजाहून उंच असतो, महाद्वाराशी प्लॅस्टिकचा ट्रॅफिक पोलीस उभा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. किल्लेदारांना त्यानं झोप येत नाही. हे दुखणं हैदराबादच्या पुतण्यानं लावलं. तो वॉरहॅमर नावाचा इंग्रजी खेळ खेळतो. त्यातले प्लॅस्टिकचे शिपाई हात, पाय, मुंडकं असे सुटे मिळतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. उंची साधारण २८ मिलिमीटर. किल्लेदारांनी त्याच्यासमोरच वहीत गणित मांडलं : साठास एक!

तेव्हापासून सगळं साठानं भागून. पोरांनी कौतुकानं मोहरी पेरली, ती यांनी उपटली. “दोन इंच मोहरी म्हणजे दहा फुटी गवत. मावळा सापडेल का त्यात?” गवताऐवजी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आला. कुंटाल्याचा धबधबा १४७ फुटांचा, म्हणून सलाइनची नळी जवळपास अडीच फुटांवर. पण किल्ला माहूरचा! मी म्हटलं, “माहूरला कुंटाला कुठून आणला?” म्हणाले, “प्रमाणात आहे ना? मग बोलायचं काम नाही.”

आमची माती कपाशीची. ओली असताना लोणी, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. पहिल्या वर्षी तटबंदी दुसऱ्याच दिवशी तडकली, तेव्हा “तोफांचा मारा झालाय” असं सांगून निभावलं. मग यांना निर्मल आठवलं. तिथले खेळणी करणारे पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून सांधतात. किल्लेदारांनी तीच खळ तटाला फासली. खरोखर तट टिकला. घरात मात्र चार दिवस आंबूस वास. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल वेगळं गेलं, तेव्हा लोक कचेऱ्यांची चिंता करत होते, हे म्हणाले, “आपली खेळणीवाली माणसं गेली.”

रंगकाम रात्री, माजघरात, टेबललॅम्पखाली. मावळा बाटलीच्या बुचावर डकवलेला, हाताला रंग लागू नये म्हणून. पुतण्याचा मंत्र : एक जाड हात देऊ नको, दोन पातळ दे. मग चहाच्या रंगाचं पातळ पाणी अंगरख्यावर सोडायचं, ते चुण्यांत उतरतं. शेवटी कुंचला फडक्यावर कोरडा पुसून तटाच्या दगडांवर नुसता फिरवायचा, की कडा उजळतात. डोळे टाचणीच्या टोकानं. त्या वेळी किल्लेदार श्वास रोखतात, आणि वहिनींनाही रोखावा लागतो. “भाऊजी, मिक्सर लावायची सोय नाही,” त्या मला म्हणाल्या. “काय तर म्हणे, रंग वाळून राहिला!”

इतकी फौज सजली, पण ती लढत नाही. पुतण्यानं एकदा सांगितलं की एच. जी. वेल्सनं १९१३ साली खेळण्यांतल्या सैनिकांच्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. तो जमिनीवर पसरून स्प्रिंगच्या तोफेनं शिपाई पाडायचा. किल्लेदारांचा चेहरा उतरला. “रंगवलेले?”

खरं भय लक्ष्मीपूजनानंतरचं. शेवटी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायचा, हा पोरांचा वंशपरंपरागत हक्क. त्या रात्री किल्लेदार टॉर्च घेऊन पायरीवर बसले. साडेदहाला शेजारची सहा वर्षांची चिमुरडी आली. हातात बॉम्ब नव्हता, प्लॅस्टिकचा वाघ होता. चांगला पाच इंची.

“आजोबा, हा ठेवू?”

किल्लेदारांचे ओठ हलले. पाच इंच गुणिले साठ, पंचवीस फूट. टिपेश्वरचा वाघ पैनगंगा ओलांडून आमच्याकडे येतो हे खरं, पण पंचवीस फुटी?

“सकाळी बघू,” ते म्हणाले.

सकाळी वाघ पायथ्याशी उभा होता. पट्ट्यांवर दोन पातळ हात दिलेले, पायाखाली हिरवा भुसा, मिशा टाचणीनं. शेजारचे तीन मावळे मात्र हलवून पार मागच्या बुरुजावर नेले होते.