रक्त सिंकमध्ये, कट खिशात

आपल्याकडे वैद्यकीय संशोधन होत नाही, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी ‘सिंक टेस्ट’ची माहिती घ्यावी. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या डॉक्टरांशी बोलून २०१६ साली पुस्तक लिहिलं, त्यात ती भेटते. समजा, डॉक्टरने दहा तपासण्या लिहून दिल्या. त्यातल्या एक-दोन खऱ्या लागणाऱ्या, हे लॅबला ठाऊक असतं. तेवढ्या इमानदारीने होतात. उरलेलं रक्त सिंकमध्ये आणि बाकीच्या रकान्यांत ‘नॉर्मल’. बिल मात्र दहाचं.

काही कोत्या मनाचे लोक याला फसवणूक म्हणतात. वास्तविक ज्या तपासणीची गरजच नव्हती, ती झाली नाही. यात शास्त्राचं काय बिघडलं? शिवाय पेशंट खूश. सगळं नॉर्मल आल्यावर भांडायला जातंय कोण?

पंचाईत एमआरआयची. तो सिंकमध्ये ओतता येत नाही, माणसाला खरोखरच मशीनमध्ये सरकवावं लागतं. खर्च होतो, तरीही पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला कट, म्हणजे कमिशन, द्यावाच लागतो. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एक पेशंट एमआरआयला पाठवला, तर पुण्याच्या एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. चेक! म्हणजे बँकेत नोंद होईल, इतक्या निर्धास्तपणे. बावस्करांनी रीत मोडली आणि २०१३ साली मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली.

असं कमिशन डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनेच निषिद्ध ठरवलं आहे. त्यामुळे ते कुणी घेत नाही. ‘प्रोफेशनल फी’ घेतात.

२०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने फलक लावला: आम्ही प्रामाणिक सल्ला देतो, डॉक्टरांना कमिशन देत नाही. डॉक्टरांच्या संघटनेने आक्षेप घेतला तो या फलकावर. व्यवसायाची बदनामी होते म्हणून. बरोबरच आहे. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर टांगू नयेत.

त्याच वर्षी राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा काढला. कैद होती, ५०,००० रुपये दंडही होता. बाराशेच्या भावाने बेचाळीस एमआरआयमध्ये तो वसूल झाला असता. पण कुणाला एवढी आकडेमोड करावी लागली नाही. मसुद्याचा कायदा काही झाला नाही.