अखंड वायफायवादी

नागपुरात एनआयटीच्या, म्हणजे सुधार प्रन्यासाच्या, कुठल्याही जुन्या लेआऊटमध्ये जा, हा माणूस भेटतोच. प्लॉट वडिलांनी घेतलेला. खाली आईबाबा, पहिल्या माळ्यावर हा स्वतः, दुसऱ्यावर धाकटा भाऊ. चुली तीन, विजेची मीटरं तीन, गाड्या लावायच्या जागेवरून भांडणं तर मोजू नयेत इतकी. वायफाय मात्र एक, आणि ते एकच राहावं म्हणून या माणसाने कंबर कसलेली. लेआऊटमधली पोरं त्याला राऊटरभाऊ म्हणतात.

गंमत अशी, की राजकारणात भाऊ कट्टर वेगळ्या विदर्भाचे. फाजल अली आयोगाने १९५५ सालीच विदर्भाचं स्वतंत्र राज्य सुचवलं होतं, हे ते पानठेल्यावर दर आठवड्याला नव्या संतापाने सांगतात. पण धाकट्याने ‘मी वर माझं वेगळं कनेक्शन घेतो’ म्हणायचा अवकाश, भाऊंचा आवाज चढतो. “काहून बे? एका घरात दोन वायफाय? लोकं काय म्हणतील?”

पहिली मोहीम रिपीटरची. जिन्याच्या वळणावर तो लावला आणि वर नेट पोचलं, पण लंगडत. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर खालचं ऐकतो त्याच रेडिओवर वरच्याला सांगतो. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून वेग निम्म्यावर येतो. भाऊंना वेगाचं तेवढं दुःख नव्हतं. वरच्या माळ्यावर नेटवर्कचं नाव वेगळं दिसायला लागलं, मागे ‘ईएक्सटी’ जोडलेलं. आडनावाला शेपूट! रिपीटर त्याच आठवड्यात माळ्यावर, म्हणजे अडगळीत गेला.

खरा वैरी स्लॅब, असं भाऊंचं निदान. ते बरोबरच आहे. सिमेंट आणि सळाखींतून जाताना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दम तोडतो, २.४ चा संथ असला तरी त्यामानाने चिवट. म्हणून सगळी भिस्त मोकळ्या जिन्यावर. आणि होळी झाली की नेमका जिन्याच्या तोंडाशी कूलर उभा राहतो. लोखंडी पत्रा लहरी परतवतो, आतलं पाणी उरलेल्या शोषून घेतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर हलवा म्हणायची छाती कोणाची? दिवाळीनंतर तो हलला की वर पुन्हा नेट.

हे धाकट्या भावाच्या बायकोने बरोबर हेरलं. “भाऊजी, हा तर नागपूर करारच झाला. अधिवेशन हिवाळ्यात नागपुरात येते, तसं तुमचं नेट हिवाळ्यातच वर येते.” १९५३ च्या त्या करारावर भाऊ तासभर बोलू शकतात. त्या दिवशी ते पाणी प्यायला उठले.

मग मात्र काम पक्कं करायचं ठरलं. बर्डीच्या बाजारातून कॅट सिक्सची वायर आली. ती १०० मीटरपर्यंत चालते, घराला कितीतरी कमी लागली. पण भाऊंनी उरलेलं भेंडोळं ‘पुढच्या पिढीसाठी’ ठेवलं. केबल टीव्हीच्या जुन्या भोकांतून वायर वर चढली आणि प्रत्येक माळ्यावर एक राऊटर बसला. पत्ते वाटायचा अधिकार फक्त खालच्याला. वरच्या दोघांचं डीएचसीपी बंद. नाव एक, पासवर्ड एक, चॅनल मात्र १, ६ आणि ११. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल हे तीनच आणि माळेही तीनच, यात भाऊंना ईश्वरी संकेत दिसला.

परीक्षा जिन्यात झाली. पुतण्या मोबाईल घेऊन चढतो आहे, भाऊ खालून ओरडताहेत. “किती दांड्या दिसून राहिल्या?” “दोन!” “आता?” “मोठे बाबा, वर येऊन बी दोनच!” कारण कोणता राऊटर धरायचा ते शेवटी मोबाईलच ठरवतो, आणि काही मोबाईल खालच्याला सोडतच नाहीत. भाऊंनी सर्वांसाठी आदेश काढला: माळा बदलला की वायफाय एकदा बंद करून चालू करायचं. आई गच्चीवर वड्या वाळवायला जातानाही हे करते. तिचा मोबाईल साधा, बटणांचा आहे, तरी करते.

एवढं साधलं, पण केंद्र खाली. आणि केंद्रात बाबा. रात्री दहाला ते सगळे स्विच बंद करून झोपतात, “रातभर कोणासाठी चालू ठेवता? बिल येते ना!” खालचा राऊटर विझला की वरच्या दोघांचे दिवे लुकलुकतात, नाव दिसतं, नेट नाही. बाबांना समजवायला भाऊ गेले होते. अखंडतेसाठी घरच्या वडिलांनी थोडा त्याग करावा, असं काहीतरी बोलले. बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि दिवा घालवला.

परवा रात्री सव्वादहाला भाऊंनी सवयीने मोबाईलमधली यादी उघडली. घराण्याच्या नावाखाली एक नवं नाव होतं, भरपूर दांड्यांचं: ‘वेगळा विदर्भ’. धाकट्याने गुपचूप कनेक्शन घेतलं होतं. भाऊ तडक वर गेले. दार पुतण्याने उघडलं. भाऊ बराच वेळ नुसते उभे. मग आवाज उतरवून म्हणाले,

“नाव बरोबर ठेवलं बे. पासवर्ड काय आहे?”