भोपळा, मोगरा आणि नववी ब

सातारा म्हटलं की लोकांना फुलं आठवतात ती कासची. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि सप्टेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या गाड्या घाटात एकीमागे एक उभ्या राहू लागल्या. मार्चमध्ये मात्र फुलं बघायला साताऱ्यात कुणी येत नाही. चुकून कुणी आलंच, तर त्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका गच्चीवर न्यावं. एका माध्यमिक शाळेतल्या मराठीच्या बाई तिथे सकाळी साडेसहाला चित्रकलेचा ब्रश घेऊन भोपळ्याच्या वेलाशी झटत असतात.

ब्रशचं कारण शास्त्रीय आहे. भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी चिमुकला भोपळा आधीपासूनच असतो, त्यावरून ते ओळखायचं. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मान टाकतात. तेवढ्यात मधमाशी फिरकली तर ठीक, नाहीतर तो चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो. मधमाशा येतात त्यांच्या सवडीने, आणि सकाळची शाळा भरते सात वीसला. म्हणून परागीभवनाचं काम बाईंनी स्वतःच्या कार्यभारात घेतलं. सुरुवातीला कितीतरी दिवस वेलावर नुसती नर फुलंच येत होती. बाईंचे यजमान म्हणाले, "तुमच्या शिक्षक संघटनेसारखं झालंय. सगळे पुरुषच पदाधिकारी."

बाईंनी ही हकीकत नववी ब ला लिंगविचार शिकवताना उदाहरण म्हणून सांगितली आणि तास हातातून गेला.

"बाई, तो भोपळा. म्हणजे पुल्लिंग?"

"बरोबर."

"आणि वेल?"

"तो वेल, ती वेल. दोन्ही चालतं."

"मग फूल?"

"ते फूल. नपुंसकलिंग."

"मग मादी फूल नपुंसकलिंगी कसं काय, बाई?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे सर दारात येऊन उभे राहिले. बाईंनी शब्दाचं लिंग आणि जिवाचं लिंग यांतला फरक सांगितला, सरांनी पुंकेसर आणि स्त्रीकेसर सांगितले. मुलांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणाचंच वहीत लिहून घेतलं नाही.

वसंत ऋतू आणि परीक्षांचा हंगाम एकाच वेळी यावा, ही व्यवस्था कुणी केली कोण जाणे. दहावीला प्रथम भाषेचा पेपर सुरुवातीलाच असतो. त्यामुळे बाकीच्या विषयांचे शिक्षक अजून पर्यवेक्षणाला फेऱ्या मारत असतात, तेव्हाच मराठीचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. आणि नेमका त्याच सुमारास मोगरा लक्ष मागतो. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. म्हणून थंडी सरता सरता त्याचं पाणी तोडायचं, पानं काढायची, छाटणी करायची, आणि मग खत-पाणी सुरू करायचं. बाई निबंध छाटण्यात पटाईत आहेत. 'आजच्या धावपळीच्या युगात' एवढं दिसलं की वाक्य पूर्ण व्हायच्या आत लाल रेघ पडते. पण मोगऱ्यासमोर कात्री घेऊन उभ्या राहिल्या की हात उचलत नाही. "ही फांदी राहू दे, हिच्यावर मागच्या वर्षी फार छान कळ्या होत्या." मागच्या वर्षीच्या पुण्याईवर गुण द्यायची सोय बोर्डातसुद्धा नाही! अखेर यजमान छाटतात. ते बँकेतून निवृत्त झालेले, वजावटीची सवय आहे. बाई तेवढा वेळ खाली स्वयंपाकघरात जाऊन थांबतात. चैत्रात मोगरा लगडला की शिक्षकखोलीत गजरे वाटताना "यंदा छाटणी अगदी वेळेवर झाली" असं मात्र बाईच सांगतात.

लाल पेन पिशवीत असल्यामुळे रोपवाटिकेतही शांतता नसते. तिथल्या पाटीवर 'गांडुळ खत मिळेल' असं लिहिलं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठरा. 1962 साली चौदा झाले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. हे अठराही नियम बाईंच्या जिभेवर आहेत. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'गांडूळ', आणि सामासिक शब्द म्हणून 'गांडूळखत' हे सलग, असं त्यांनी पिशवी भरून होईपर्यंत मालकांना समजावलं. मालकांनी शेवटची गाठ मारली आणि म्हणाले, "बाई, गांडूळ कितीही लांब केलं तरी पिशवीचा दर तोच राहील."

पुढच्या खेपेला पाटी बदललेली होती. नवी पाटी अशी: 'वर्मी कंपोस्ट'.

बागेला अठरा सोडाच, एकही नियम धड लागू पडत नाही. पाणी रोज घालावं की नाही? बोट मातीत खुपसून बघावं, वरचा थर कोरडा लागला तर घालावं. याला काही नियम म्हणत नाहीत. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला तर निंबोळी तेलात साबणाचं पाणी घालून फवारावं. साबण एवढ्याचसाठी, की तेल पाण्यात मिसळत नाही. फवारा पानाच्या खालच्या बाजूनेही बसला पाहिजे, आणि भर उन्हात मारू नये, पानं भाजतात. बाई हे सगळं संध्याकाळी करतात. दुसऱ्या दिवशी वह्यांना निंबोळीचा वास येतो आणि मागच्या बाकावरचे विद्यार्थी नाक धरून 'बाईंनी आपली वही खरंच तपासली' याची खात्री करून घेतात.

बाईंच्या गच्चीवरची निम्मी रोपं विकतची नाहीत. 27 फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, शाळेत मराठी भाषा गौरव दिन होतो. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची पद्धत सगळीकडेच रूढ झाली आहे, चांगलीच आहे. फक्त पाहुणे ते रोप टेबलावरच विसरून जातात. शाल कुणी विसरल्याचं ऐकिवात नाही. कार्यक्रम संपला की शिपाईमामा रोप आणून बाईंच्या टेबलावर ठेवतात. त्यांच्या तुळशी, कोरफडी आणि एक सोनचाफा अशाच विसराळू प्रमुख पाहुण्यांच्या कृपेने वाढला आहे.

खरी गंमत आहे ती पत्रलेखनात. कृतिपत्रिकेत एखाद्या काल्पनिक रोपवाटिकेची जाहिरात द्यायची आणि 'विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहा' म्हणायचं, हा जुना आणि भरवशाचा प्रश्न. गुण 6. सराव परीक्षेत नववी ब ने शाळेसाठी मिळून जेवढे वड मागवले, तेवढे लावायचे म्हटले तर खो-खोचं मैदान जाईलच, मुख्याध्यापकांची खोलीही जाईल. एकाने गुलाबाची शंभर रोपं 'उद्या सकाळपर्यंत' मागितली. पण मांडणी सगळ्यांची चोख होती: दिनांक, प्रति, विषय, महोदय, शेवटी ई-मेलसुद्धा.

एका पत्रात मात्र दिनांक नव्हता, विषयही नव्हता. कोरेगावकडून एसटीने येणाऱ्या, घरी आल्याची शेती असलेल्या मुलाने थेट प्रश्नच विचारले होते. आंब्याचं कलम कधी बांधलंय? जोडाच्या खालून फुटलेली फूट काढता की तशीच ठेवता? पिशवीत मुळं गोल फिरली असतील तर रोप परत घेणार का? कलमाला जोडाच्या खालून फूट आली तर ती खालच्या खुंटाची असते, कलमाची नव्हे. ती वाढू दिली तर हापूसच्या पैशात रायवळ पोसायचा. बाईंनी ते पत्र पुन्हा वाचलं, 4 गुण दिले, आणि तीन प्रश्न चिठ्ठीवर उतरवून घेतले. रविवारी रोपवाटिकेत त्यांनी ती चिठ्ठी वाचून दाखवली, तेव्हा मालकांचा चेहरा उतरला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "नववीतल्या मुलानं." त्या दिवशी कलम त्यांना मागच्या रांगेतून, निवडून मिळालं.

आमच्या मते त्या पत्राला 6 पैकी 6 द्यायला हवे होते. बाईंना हे मान्य नाही. दिनांकाशिवाय पत्र म्हणजे पत्रच नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे.

आत्मकथनांबद्दल मात्र आमचं एकमत आहे. 'मी झाड बोलतोय' हा विषय दिला की दुसऱ्या परिच्छेदात लाकूडतोड्या येतो आणि तिसऱ्यात झाड गतप्राण होतं. वर्गातल्या एकाही झाडाला बहर येत नाही, की माव्याचा त्रास होत नाही. कोकिळा गाते, हेही ठरलेलं. प्रत्यक्षात गाणारा नर, कोकीळ. मादीच्या वाट्याला नुसतं किक-किक आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणं. एका मुलीने मात्र वेगळं लिहिलं. तिचं झाड म्हणतं, 'दरवर्षी मला याच खड्ड्यात लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात.' झाडाचा मुद्दा बिनतोड आहे. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला येतो. त्या दिवशी आपल्याकडे शाळांना उन्हाळी सुट्टी असते, आणि रोपाला पाणी घालायला पोरं हवीत ती तेव्हा मामाच्या गावाला असतात.

तर आता वार्षिक परीक्षा होतील, 1 मेला निकाल लागतील. बाईंच्या गच्चीवर भोपळे तीन धरलेत, आणि मिरगाला वांग्याचं रोप टाकायचा विचार आहे. वाचकांपैकी कुणाकडे कृष्णाकाठच्या वांग्याचं घरचं बी असेल, तर त्यांनी बाईंना पत्राने कळवावं. दिनांक आणि विषय घालायला विसरू नये. 2 गुण तिथेच जातात.