तीस सप्टेंबरचा पट

महाराष्ट्रातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे. गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. समग्र शिक्षा योजनेत केंद्र साठ टक्के घालते आणि राज्य चाळीस. असे तीन मालक असले, तरी छप्पर गळू लागले की मालक एकटे मुख्याध्यापक असतात. पट तीसपर्यंत असेल तर शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल, सगळे त्यातच. वीज तोडली गेली तरी ऑनलाइन माहिती थांबत नाही. तेवढ्यासाठी गुरुजींचा मोबाइल आणि त्यांचाच रिचार्ज असतो.

शिक्षक किती लागतात, हे संचमान्यता ठरवते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट पाहतात. आधार जुळले नाही तर समोर बसून पाढे म्हणणारे पोरही मोजणीतून गळते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे कायदा सांगतो. चार वर्ग त्या दोघांत वाटायचे; त्यातला एक मतदार याद्या घेऊन घरोघर फिरत असतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरे अशैक्षणिक काम देऊ नये, असेही तोच कायदा म्हणतो. या तिन्हींपैकी काहीतरी नेहमी चालूच असते.

नवा शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल अशा वाटेने येतो. पोहोचल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक. मानधन बरीच वर्षे सहा हजार होते, २०२३ पासून सोळा हजार झाले.

कारभार केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा उतरंडीने चालतो. प्रत्येक पायरीला माहिती आज दुपारी बारापर्यंत हवी असते आणि निरोप साडेअकराला येतो. त्याच वेळी खिचडी शिजत असते. गुरुजींनी ती आधी चाखायची, चव नोंदवहीत ‘उत्तम’ लिहून सही करायची, मग पोरांना वाढायची. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. शिक्षक आणि पैसा मात्र वरून येतो.

वर बसायला लोकनियुक्त शिक्षण समितीही असते. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षे तरी प्रशासकांनी कारभार पाहिला. सदस्य नसल्याने एकही परिपत्रक निघायचे राहिले नाही.